लिंबूवर्गीय फळांचा व्यापार : मुबलक उत्पादन, मर्यादित निर्यात

संत्री, मोसंबी, किन्नू, लिंबू, पपनस आणि ईडलिंबू या फळांचा समावेश लिंबूवर्गीय गटात होतो. जगभरात या फळांचे वार्षिक उत्पादन सुमारे १६ कोटी टन आहे. चीन आणि ब्राझील यांच्या पाठोपाठ भारत हा या गटातील अग्रगण्य उत्पादक देश असून देशातील वार्षिक उत्पादन सुमारे १ कोटी ४० लाख टन इतके आहे. भारतीय फळबागांमध्ये आंबा आणि केळी यांच्यानंतर लिंबूवर्गीय फळांचेच स्थान आहे. तथापि, एवढ्या मोठ्या उत्पादनातून परदेशी जाणारा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. दुसरीकडे दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद यांसारख्या शहरांतील फळबाजारांत इजिप्त, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथील संत्री वर्षातील बराच काळ विक्रीस असतात. उत्पादनात पुढे असलेला देश निर्यातीत मागे का आणि पुरेसे पिकत असूनही आयात का होते, हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित आहेत.

अवलंबित्व कसे मोजतात?

एखादा देश एखाद्या पिकाबाबत आयातीवर किती विसंबून आहे, हे मोजण्याची सर्वमान्य रीत सोपी आहे. देशातील उत्पादनात आयात मिळवून त्यातून निर्यात वजा केली की देशांतर्गत उपलब्धता मिळते. या उपलब्धतेतील आयातीचा टक्का म्हणजे आयात-अवलंबित्व, तर उपलब्धतेच्या तुलनेत उत्पादनाचा टक्का म्हणजे स्वयंपूर्णता. उदाहरणार्थ, एखाद्या देशाने १०० टन फळे पिकवली, १० टन निर्यात केली आणि ५ टन आयात केली, तर उपलब्धता ९५ टन ठरते. तेथे आयात-अवलंबित्व ५ टक्क्यांहून थोडे अधिक आणि स्वयंपूर्णता १०५ टक्क्यांच्या आसपास भरते.

या मापाने पाहिल्यास भारत लिंबूवर्गीय फळांबाबत जवळपास पूर्णतः स्वयंपूर्ण आहे. तथापि, या एका आकड्यातून सर्व चित्र स्पष्ट होत नाही. आयात कोणत्या महिन्यांत होते, ती कोणत्या फळाची आहे, निर्यात कोणत्या भागातून होते आणि ती किती ग्राहक देशांमध्ये विभागलेली आहे, हे राष्ट्रीय सरासरीत झाकले जाते. काही देशांबाबत तर हा आकडा दिशाभूलही करतो. नेदरलँड्समध्ये व्यापारी प्रमाणावर संत्र्यांची लागवड होत नाही. तरीही रॉटरडॅम बंदरात उतरलेली फळे युरोपभर पुन्हा रवाना होत असल्याने हा देश निर्यातदारांच्या यादीत ठळकपणे दिसतो.

उत्पादनाचा भूगोल

भारतातील लिंबूवर्गीय फळांचे पट्टे एकमेकांपासून दूर आणि परस्परांहून भिन्न आहेत. नागपुरी संत्र्याचा मुख्य पट्टा विदर्भात असून अमरावती जिल्ह्यातील वरुड, मोर्शी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर हे तालुके त्यात अग्रभागी आहेत. हाच पट्टा राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि छिंदवाडा या भागांत पसरतो. मध्य प्रदेशातीलच आगर-माळवा, शाजापूर आणि राजगढ या जिल्ह्यांतही संत्र्याची मोठी लागवड आहे. मोसंबीसाठी महाराष्ट्रात जालना आणि छत्रपती संभाजीनगर, तर आंध्र प्रदेशात अनंतपूर आणि तेलंगणात नलगोंडा हे जिल्हे ओळखले जातात; दक्षिणेकडील मोसंबीचा ‘सातगुडी’ हा वाण वेगळा आहे.

पंजाबमधील अबोहर-फाजिल्का, राजस्थानातील श्रीगंगानगर आणि हरियाणातील सिरसा हा किन्नूचा प्रदेश होय. किन्नू हा ‘किंग’ आणि ‘विलो लीफ’ या दोन जातींचा संकर असून तो अमेरिकेतील कॅलिफोर्नियात विकसित झाला आणि १९३५ मध्ये लागवडीसाठी प्रसारित करण्यात आला. ईशान्य भारतात मेघालयाचे खासी संत्रे, मणिपूरमधील तामेंगलाँग संत्रे आणि आसामचे काजी नेमू हे लिंबू प्रसिद्ध आहेत. आसाम सरकारने २०२४ मध्ये काजी नेमूला राज्यफळाचा दर्जा दिला. कागदी लिंबाच्या उत्पादनात आंध्र प्रदेशातील गुडूर परिसर आणि कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्याचा इंडी तालुका यांचे नाव घेतले जाते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये, तर जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

नागपुरी संत्र्याचे दोन बहार व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतात. मृग बहाराची फुले पावसाच्या आरंभी येतात आणि फळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तोडणीस येतात. बागेला पाण्याचा ताण देऊन शेतकरी यांपैकी एका बहाराची निवड करतो. किन्नूचा मुख्य हंगाम डिसेंबर ते मार्च असा असतो. परिणामी मे ते सप्टेंबर या काळात देशी संत्रे बाजारात जवळपास नसते, तर हिवाळ्यात एकाच वेळी विदर्भ, मध्य प्रदेश आणि पंजाब या तिन्ही प्रदेशांची फळे बाजारात उतरतात.

निर्यात : एका ग्राहकावरचा भार

भारतीय संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश आहे. अंतर कमी असल्याने ट्रकने माल काही दिवसांत पेट्रापोल-बेनापोल सीमेवर पोहोचतो. तेथील ग्राहकांना सैल सालीच्या, आंबट-गोड संत्र्याची चव परिचित आहे आणि युरोपीय बाजारांइतक्या कडक आकार व वेष्टनाच्या अटी तेथे नसतात. नागपुरी संत्र्याबरोबरच किन्नूही या बाजारपेठेत जातो. नेपाळ आणि आखाती देशांकडे होणारी निर्यात त्या तुलनेत मर्यादित आहे.

या रचनेतील जोखीम २०१९ नंतर ठळक झाली. बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले. २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० टका असलेला हा भार २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेल्याचे व्यापारी सांगतात. मे २०२२ मध्ये परकीय चलनाची चणचण भासू लागल्यावर त्या देशाने फळांसह शंभराहून अधिक वस्तूंवर नियामक शुल्क लावले. फळे ही तेथील सरकारच्या दृष्टीने अत्यावश्यक आयात नसल्याने चलन वाचवण्यासाठी शुल्काचा पहिला घाव त्यांच्यावर बसला. ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतराच्या दिवसांत सीमेवरील मालवाहतूकही काही काळ विस्कळीत झाली. बांगलादेशाला भूतानमधूनही संत्र्यांचा पुरवठा होतो, त्यामुळे महागलेल्या भारतीय फळाला पर्याय उपलब्ध राहतो.

शुल्कवाढीचा परिणाम बागेपर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. ढाक्यातील ग्राहक ठरावीक किमतीपलीकडे फळ घेत नाही. त्यामुळे शुल्क वाढले की ती रक्कम निर्यातदार बागेतील खरेदीभावातून वजा करतो. भाव परवडेनासा झाला की निर्यातीसाठी राखलेले फळ देशांतर्गत बाजारांकडे वळते आणि तेथील भावही खाली ओढते. म्हणजे निर्यात कमी झाल्याचा फटका केवळ निर्यातयोग्य फळ पिकवणाऱ्याला बसत नाही, तर पट्ट्यातील प्रत्येक बागाईतदाराला बसतो. राष्ट्रीय उत्पादनाच्या तुलनेत नगण्य दिसणारी ही निर्यात वरुड-मोर्शीसारख्या तालुक्यांसाठी मात्र भाव ठरवणारी बाब आहे.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अखेरीस बांगलादेशाकडील संत्रा निर्यातीसाठी आयात शुल्काच्या ५० टक्के इतके अनुदान देण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी १६९ कोटी रुपयांहून अधिक निधीला मान्यता दिली. अशा अनुदानाने हंगामापुरता दिलासा मिळू शकतो. परंतु परदेशी शुल्काचा काही भाग देशातील तिजोरीतून भरण्याची ही व्यवस्था असल्याने ग्राहक देशाने शुल्क पुन्हा वाढवल्यास तिचा उपयोग घटतो.

अन्य बाजारपेठांकडे वळण्याचे प्रयत्नही झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे अपेडाच्या, पुढाकाराने नागपुरी संत्री शीतकंटेनरमधून समुद्रमार्गे दुबईला रवाना करण्यात आली. हा मार्ग शक्य असला तरी तोडणी, प्रतवारी, मेणलेपन, पूर्वशीतकरण आणि शीतवाहतूक ही साखळी कोठेही न तुटणे ही त्याची पूर्वअट आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने हाताळणीत फळ दबते आणि सामान्य तापमानात ते फार काळ टिकत नाही.

आयात : हंगामाबाहेरील मागणी

भारतात येणारी संत्री प्रामुख्याने इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका येथील असून ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि स्पेन यांचाही त्यात वाटा आहे. ताज्या संत्र्यांच्या निर्यातीत इजिप्तने अलीकडच्या वर्षांत परिमाणाच्या दृष्टीने जगात अग्रस्थान मिळवले आहे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया हे दक्षिण गोलार्धात असल्याने त्यांचा हंगाम साधारणतः जून ते ऑक्टोबर असा येतो. याच महिन्यांत भारतीय बाजारात देशी संत्रे नसते. त्यामुळे या देशांची आयात देशी फळाला थेट विस्थापित करत नाही. ती हंगामातील पोकळी भरते. इजिप्तचा हंगाम मात्र हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि त्याचा काही भाग मृग बहार व किन्नू यांच्याशी जुळतो. स्पर्धेचा प्रश्न प्रामुख्याने या काळापुरता आहे.

आयात केलेली संत्री बहुधा ‘नेव्हल’ आणि ‘व्हॅलेन्सिया’ या जातींची असतात. घट्ट साल, एकसारखा आकार, गडद रंग, बिया नसणे किंवा अगदी कमी असणे आणि दीर्घ टिकाऊपणा या गुणांमुळे मोठी दुकाने, हॉटेले आणि भेटवस्तूंचा बाजार त्यांना पसंती देतात. त्यामुळे निर्यात होणाऱ्या भारतीय संत्र्यापेक्षा आयात होणाऱ्या संत्र्याला किलोमागे अधिक भाव मिळतो. व्यापाराचे वजन आणि व्यापाराचे मूल्य यांतील हा फरक लक्षात घेतला नाही, तर आयात-निर्यातीचा ताळेबंद अपुरा ठरतो.

भारताचे संत्र्यांवरील मूळ आयात शुल्क ३० टक्के आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य व व्यापार करारानुसार ऑस्ट्रेलियातील संत्री आणि मँडरिन यांच्या वार्षिक १३,७०० टनांच्या कोट्यावर शुल्कात ५० टक्के सवलत देण्यात आली. देशातील एकूण उत्पादनाशी तुलना करता हा कोटा अत्यल्प आहे आणि ऑस्ट्रेलियाचा हंगामही निराळा आहे. शुल्क सरसकट न हटवता मर्यादित परिमाणाला सवलत देण्याची ही पद्धत संवेदनशील पिकांबाबत सामान्यतः वापरली जाते.

लिंबाची स्थिती वेगळी आहे. लिंबांच्या उत्पादनात भारत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो आणि जवळपास संपूर्ण उत्पादन देशातच खपते. एप्रिल २०२२ मध्ये उष्णतेची लाट आणि घटलेले उत्पादन यांमुळे अनेक शहरांत लिंबाचा किरकोळ भाव किलोमागे २०० रुपयांच्या पुढे गेला होता. भारतीय स्वयंपाकघराला लागणारे पातळ सालीचे कागदी लिंबू जगाच्या बाजारात सहज मिळणारे नाही; तेथे पिवळ्या, जाड सालीच्या लिंबांचे प्राबल्य आहे. त्यामुळे टंचाईच्या काळात आयात हा तत्काळ उपाय ठरत नाही. स्वयंपूर्ण देशातही भावस्थैर्याची हमी नसते, याचे हे उदाहरण होय.

रसाचा वेगळा बाजार

ताज्या फळांच्या आकडेवारीत न दिसणारी एक आयात संत्र्याच्या घट्ट रसाच्या रूपाने होते. जगातील संत्रारसाच्या व्यापारात ब्राझीलचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. नागपुरी संत्रे खाण्यास उत्तम असले तरी त्याचा रस काढून ठेवल्यावर लिमोनिन या घटकामुळे त्यात कडवटपणा उतरतो. हा कडवटपणा काढून टाकण्याचे तंत्रज्ञान उपलब्ध आहे. परंतु त्यासाठी मोठी गुंतवणूक आणि वर्षभर पुरेल असा कच्चा माल लागतो. बहार दोनच आणि तेही मर्यादित महिन्यांचे असल्याने विदर्भातील अनेक प्रक्रिया प्रकल्पांसमोर उर्वरित काळात यंत्रणा कशी चालवायची, हा प्रश्न उभा राहिला. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहान परिसरात पतंजली समूहाचा फळप्रक्रिया प्रकल्प सुरू झाला असून त्याची घोषित क्षमता दररोज ८०० टन आहे. लहान आकाराच्या आणि डागाळलेल्या फळांना स्थिर ग्राहक मिळाल्यास ताज्या फळाच्या बाजारावरील ताण हलका होऊ शकतो.

अन्य देशांचे अनुभव

निर्यातप्रधान असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवावरून दिसते. या देशातील लिंबूवर्गीय फळांचा मोठा भाग निर्यातीसाठीच पिकवला जातो आणि स्पेनच्या पाठोपाठ तो जगातील प्रमुख निर्यातदार आहे. युरोपीय संघाने फळांवरील काळ्या ठिपक्यांचा रोग आणि फळ पोखरणारा एक पतंग यांच्याबाबत कडक नियम लागू केल्यानंतर दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये हे दोन्ही विषय जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारण यंत्रणेपुढे नेले. शुल्काइतकेच वनस्पती आरोग्याचे नियमही बाजाराचे दार उघडू अथवा बंद करू शकतात.

अमेरिकेतील फ्लोरिडाचा अनुभव अधिक गंभीर आहे. २००३-०४ च्या हंगामात तेथे सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या संत्री झाली होती. २००५ मध्ये तेथे ‘ग्रीनिंग’ हा जिवाणूजन्य रोग आढळला. सिट्रस सिला या लहान किडीमार्फत तो पसरतो आणि त्यावर खात्रीशीर उपचार नाही. रोगाबरोबरच चक्रीवादळांचाही तडाखा बसला आणि २०२२-२३ मध्ये उत्पादन सुमारे १ कोटी ५८ लाख पेट्यांपर्यंत घसरले. ब्राझीललाही याच रोगाने ग्रासले असून रोग व दुष्काळ यांच्या एकत्रित परिणामाने २०२४ मध्ये संत्रारसाचे जागतिक वायदे भाव विक्रमी पातळीवर गेले. रस आयात करणाऱ्या प्रत्येक देशाला त्याची झळ पोहोचली.

प्रश्नाचे मूळ बागेत

भारतातही ग्रीनिंग, ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग, डिंक्या आणि कोळशी हे बागाईतदारांचे जुने शत्रू आहेत. त्यात अवकाळी पाऊस आणि तापमानातील चढउतार यांमुळे होणाऱ्या फळगळीची भर पडते. देशातील लिंबूवर्गीय फळांची सरासरी उत्पादकता हेक्टरी १० टनांच्या आसपास आहे. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका येथे ती दुपटीहून अधिक आहे. उत्पादकता कमी असली की किलोमागील खर्च वाढतो आणि जागतिक बाजारात उतरण्यापूर्वीच स्पर्धाक्षमता घटते.

या साखळीचा पहिला दुवा कलम हा आहे. वरुड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे संत्रा कलमांच्या रोपवाटिकांचे मोठे केंद्र असून तेथील रोपे अनेक राज्यांत जातात. जंबेरी किंवा रंगपूर लाईम या खुंटांवर संत्र्याचा डोळा भरून ही कलमे तयार केली जातात. मातृवृक्ष रोगग्रस्त असेल, तर तो रोग नव्या बागेत पोहोचतो आणि शेतकऱ्याला ते अनेक वर्षांनी, झाड फळावर आल्यावर कळते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या ‘स्वच्छ रोप कार्यक्रमा’स मंजुरी दिली. त्याअंतर्गत संत्र्यासाठीचे केंद्र नागपूर येथे प्रस्तावित आहे. नागपूरस्थित केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने कमी बियांच्या नागपुरी संत्र्याची निवड आणि रोगमुक्त रोपनिर्मिती या दिशांनी काम केले आहे. तथापि, संत्र्याची नवी बाग फळावर येण्यास चार ते पाच वर्षे लागत असल्याने आज लावलेल्या सुधारित वाणाचा परिणाम व्यापाराच्या आकड्यांत दिसण्यास दशकाचा काळ जाऊ शकतो.

निष्कर्ष

लिंबूवर्गीय फळांबाबत भारत आयातीवर विसंबून नाही, हे आकडेवारीवरून स्पष्ट होते. अवलंबित्व आहे ते निर्यातीच्या बाजूने, आणि तेही एका शेजारी देशाच्या शुल्कधोरणावर. देशपातळीवर ते एक टक्क्याच्या आत झाकले जाते. विदर्भातील आणि लगतच्या मध्य प्रदेशातील बागाईतदाराच्या हिशेबात मात्र ते हंगामाचा नफा किंवा तोटा ठरवते. आयातीचा मुद्दा त्याहून वेगळा आहे. हंगामाबाहेरील आयात रोखल्याने नागपुरी संत्र्याचा भाव वाढेलच असे नाही, कारण त्या महिन्यांत ते संत्रे बाजारात नसते. इजिप्तच्या फळाशी हंगाम जुळतो त्या काळातील शुल्काचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो.

ग्राहक देशांची संख्या वाढवणे, लहान फळाला प्रक्रिया उद्योगात स्थान देणे, टिकवण क्षमता वाढवणारी शीतसाखळी उभारणे आणि निरोगी कलमे पुरवणे या चार बाबी परस्परपूरक आहेत. दूरच्या बाजारासाठी टिकाऊ फळ लागते, टिकाऊ फळासाठी निरोगी झाड लागते आणि निर्यातीत न बसणाऱ्या फळाला प्रक्रियेचा आधार असल्याशिवाय काटेकोर प्रतवारी शेतकऱ्याला परवडत नाही. यांपैकी शुल्काबाबतचा निर्णय परदेशी सरकारच्या हाती आहे. उर्वरित बाबींची सुरुवात देशातील रोपवाटिका, बागा आणि प्रतवारी केंद्रे यांतूनच व्हावयाची आहे.